घरी आणलेलं मत

हिल्सबरो, ऑकलंड
मे महिन्यातला एक रविवार

प्रिय मृदुला,

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस आणि मेसेज करायला जावं तर माझं बोट एका अक्षरावर पडतं आणि उमटतात तीन. म्हणून आपला कागद घेतला. अक्षर सातवी पास बाईचं आहे, ओळी चढावर जातील, सांभाळून घे. पुढचं सगळं शिक्षण तुझ्या नवऱ्याची पुस्तकं झटकताना झालं. इंग्रजी शिकवलं ते कोपऱ्यावरच्या डेअरीतल्या वाणसामानाच्या डब्यांनी. त्यामुळे मी काय लिहिलंय ते तुला कळेल, कसं लिहिलंय ते बघू नकोस.

इकडे फीजोआच्या फळांचा सडा पडलाय. शेजारची सिना दर दोन दिवसांनी बादली आणून ठेवते आणि 'मम्मी, यू ईट' म्हणून दटावून जाते. मी वासच घेते. तुझे सासरे त्याची चटणी करायला शिकलेत. मिरची इतकी घालतात की सामोअन माणसाच्याही डोळ्यांत पाणी यावं, पण सिना बिचारी 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे झकास, म्हणत बरणी घेऊन जाते. हो, सासरे स्वयंपाक करतात. जन्मात कधी चहाचं आधण ठेवलं नाही तो माणूस हल्ली भात मऊ शिजवतो, वर परत घोटतो. तू बघायला हवंस.

पण चटणीसाठी कागद घेतलेला नाही, हे तुलाही कळलं असेल. मागच्या महिन्यात माझ्या देवव्रतच्या वाढदिवसाला तू फोन केलास. मी तुला ख्राइस्टचर्चची थंडी विचारली, तू मला माझं पोट विचारलंस. आणि मग एकदम म्हणालीस, आई, त्याच्या शेवटच्या आठवड्यात मी त्याच्याविरुद्ध मत दिलं. माझं उत्तर यायच्या आत फोन ठेवलास. नंतर मी तीनदा केला, तू उचलला नाहीस. साडेपाच वर्षं तू या घराची पायरी का चढली नाहीस, ते मला त्या दिवशी कळलं. मी आपली समजत होते, नोकरी लांबची आहे, विमान महाग आहे, आणि या भिंतींकडे बघवत नसेल. माझ्या मनात असलं काही आलंच नाही. म्हणून आता त्या शनिवारचं सगळं सांगते. तू तेव्हा इथून वीस मिनिटांवर, शहरातल्या हॉटेलात चौदा दिवसांसाठी कोंडलेली होतीस. तुला आम्ही फक्त सोयीचं तेवढं सांगितलं होतं.

तुझी आई अंथरुणाला खिळलेली, वर कोविड, विमानं बंद. पंधरा दिवसांसाठी पुण्याला गेलेली तू सात महिन्यांनी परतलीस, त्यात तुझा काडीचा दोष नव्हता, हे तेव्हाही म्हटलं होतं, आताही म्हणते. इकडे त्याचा आजार वाढत गेला, हातातून आधी पेन सुटलं, मग चमचा, मग फोन. जीभ जड झाली. मला त्याचं बोलणं कळायचं, बाकीच्यांना मी सांगायची. त्याच्या लहानपणी बोबड्या बोलांचं हेच काम केलं होतं, फिरून तिथेच आले. डोकं मात्र लख्ख होतं. निवडणूक एकदा पुढे ढकलली गेली तेव्हापासून त्याने धोशा लावला होता की मतदानाला मी स्वतः जाणार, चाकाच्या खुर्चीतून जाणार, आणि शनिवारीच जाणार. दोन आठवडे आधीपासून केंद्र उघडं होतं, पण छे. मतदान म्हणजे मतदानाच्या दिवशी, म्हणे. बाप तसा बेटा.

गुरुवारी त्याच्या छातीत कफ दाटला. घरी येणारी नर्स होती ना, तिने सांगितलं की आता खुर्चीतसुद्धा हलवायचं नाही. तो भिंतीकडे बघत राहिला. मग तिनेच सांगितलं की, अहो, एवढं तोंड कशाला पाडता, अचानक अडलेल्या माणसासाठी इथे सोय आहे. घरातल्या कुणीतरी केंद्रावर जाऊन मतपत्रिका घेऊन यायच्या, घरी मत द्यायचं, पाकीट बंद करून शनिवारी सातच्या आत परत नेऊन द्यायचं. त्याला म्हणे टेकअवे म्हणतात. मला हसू आलं. फिश अँड चिप्स बांधून आणतात तसं मत बांधून आणायचं.

शुक्रवारी तुझे सासरे शाळेच्या हॉलमधल्या केंद्रावर जाऊन ते पुडकं घेऊन आले. दोन मतपत्रिका, दोन पाकिटं आणि एक कागद, मी अमुक कारणाने येऊ शकत नाही असं लिहून द्यायचा. त्या कागदाखाली साक्षीदाराची जागा होती. झालं. कराडच्या तहसील कचेरीत हयात गेलेला माणूस, निवडणुकीची ड्यूटी लागली की इस्त्रीचा सदरा घालून निघणारा. साक्षीदार म्हटल्यावर त्यांच्या अंगात कचेरी संचारली. राजपत्रित अधिकारी पाहिजे. गोल शिक्का पाहिजे. देवव्रत म्हणाला, बाबा, इथे साधा मतदार चालतो, सिनाकाकीला हाक मारा. हे म्हणाले, असं कुठे असतं का, शेजारणीच्या सहीवर सरकारं बनायला लागली तर उद्या दूधवालाही मंत्री नेमेल. देवव्रत पुन्हा म्हणाला, कागदावरच लिहिलंय, वाचा. हे म्हणाले, कागदावर पुष्कळ लिहिलेलं असतं, मत बाद झालं की कागद येत नाही विचारायला. तुझं मत बाद होऊ देणार नाही मी.

मृदुला, त्यांना हसू नकोस. मुलासाठी करण्यासारखं दुसरं काहीच उरलं नव्हतं गं. औषध नाही, उपाय नाही. निदान कागद तरी पक्का करावा, एवढंच त्यांच्या हातात होतं.

यांची शुक्रवारची दुपार लायब्ररीत गेली. तिथे सह्या करणारे मानद अधिकारी बसतात, त्यांचा तो वार नव्हता. मग माउंट रॉस्किलचे आपले मराठी डॉक्टर, ते गावाला गेलेले. शनिवारी सकाळी आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले, कारण त्यांच्याकडे शिक्का आहे. शिक्का होता, पण त्यावर गणपती होता. कुणीतरी सांगितलं की लांब मनुरेवा भागात एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत, सरकारमान्य. हे दोन बस बदलून तिथे गेले, तर ते गृहस्थ नातवाची क्रिकेटची मॅच बघायला निघून गेलेले. तिथे फाटकाशी तास-दीड तास उभे राहिले हे.

इकडे आम्ही दोघं. पुडकं यांच्याच पिशवीत, त्यामुळे शेजारणीला बोलावून तरी करणार काय. त्याचा श्वास त्या दिवशी करवतीसारखा येत होता. दर थोड्या वेळाने तो घड्याळाकडे डोळे वळवायचा आणि मी घड्याळाच्या आड उभी राहायची. शेवटी म्हणाला, आई, बाजूला हो. मग म्हणाला, पहिल्या कागदाचं मला काही नाही, कोणीही येवो. दुसऱ्या कागदावरचं राहू नये.

दुसरा कागद तुला आठवत असेलच. त्यावर दोन प्रश्न होते. पहिला गांजाचा, आणि दुसरा, ज्याचा आजार बरा होण्यापलीकडे गेलाय त्याला डॉक्टरच्या मदतीने आपलं मरण मागता यावं का, तो कायदा लागू व्हावा का. एकाच कागदावर गांजा आणि मरण. असलं काही याच देशाला सुचावं.

हे परत आले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. चप्पल न काढता तसेच आत आले, पिशवी पलंगावर ठेवली, आणि म्हणाले, कोणी भेटलं नाही रे. एवढंच. देवव्रतने काही टोमणा मारला नाही. मला वाटलं होतं मारेल. तो म्हणाला, बाबा, तुम्ही दमलात, सिनाकाकीला हाक मारा. आणि हा माणूस, ज्याने आयुष्यात दुसऱ्याचं ऐकलं म्हणून कधी सही केली नाही, तो उठला आणि कुंपणापाशी जाऊन हाका मारायला लागला.

सिना भांडी घासत होती, तशीच ओल्या हातांनी रबरी जँडल फटफटवत आली. कागद वाचला, पलंगाच्या कडेला बसली, त्याला म्हणाली, यू टेल मी इट्स यू, डार्लिंग. त्याला सही करता येत नव्हती. मी त्याचा हात माझ्या हातात धरला आणि एक रेघ ओढली. खाली तिने आपलं नाव, पत्ता आणि सही घातली. पाच मिनिटं लागली असतील. तुझे सासरे तिच्या खांद्यावरून बघत होते, जणू शाई वाळल्यावर तिथे गोल शिक्का उमटेल. मग तिनेच त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं, कारण मत देताना तिसरं कोणी नको.

आता ऐक. मदत करणाऱ्याने मत फोडायचं नसतं, ते गुपित असतं. मी ते आजवर कोणापाशी फोडलेलं नाही, यांच्यापाशीसुद्धा नाही, आणि आजही सांगणार नाही की मी कुठल्या चौकोनात खूण केली. पण तो काय बोलला ते सांगायला माझी मी मोकळी आहे, असं मी ठरवून टाकलंय. चूक असेल तर वर गेल्यावर बघू.

पहिला कागद पटकन झाला. गांजाचा प्रश्न वाचला तर तो हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला, म्हणाला, हे उत्तर बाबांना कळू देऊ नकोस. मग मी दुसरा प्रश्न वाचला, एकेक शब्द सुटा करून. त्याने उत्तर दिलं. मी पुन्हा विचारलं. एकदा विचारणं नियमातलं होतं, दुसऱ्यांदा विचारलं ते आईपण. त्याने तेच उत्तर दिलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, आई, तो कायदा येईपर्यंत मी नसेन, हे मला ठाऊक आहे. माझ्यासाठी नाही विचारत आहेत. दुसऱ्या कोणाला तरी लागेल.

मी खूण केली. पेन हलकंच होतं ते, बॉलपेन. उखळ उचलल्यासारखा हात भरून आला.

कागद घडी करत होते तेव्हा तो म्हणाला, मृदुलाने हॉटेलातून फोनवर मत दिलं असेल ना. मी म्हटलं, हो, त्या कोंडलेल्या लोकांची तशी सोय केलीय, कोणीतरी नाव न विचारता लिहून घेतं आणि दुसरं कोणी बरोबर लिहिलं का ते तपासतं. मला कसं माहीत? तूच नाही का मला सांगितलं होतंस. तर तो म्हणाला, ती नाही म्हणाली असेल. मी दुसरी घडी घातली. तो म्हणाला, तिने नाहीच म्हणायला हवं. सात महिने ती माझ्याकडे यायला धडपडतेय, आणि शेवटच्या दाराशी कोणी तिला विचारलं, तुझ्या नवऱ्याला जाऊ द्यायचं का, आणि ती हो म्हणाली, असं मला कळलं असतं तर मला आवडलं नसतं. मग थोडा दम घेऊन, तुला त्याची सवय ठाऊक आहे, रडायच्या जागी तो हिशेबी विनोद करायचा, म्हणाला, आम्हा दोघांची मतं फिट्टंफाट. मोजणाऱ्यांचं काम तेवढंच वाचलं.

हे असं होतं, मृदुला. शब्द त्याचे आहेत, मी एकही आपल्या पदरचा घातलेला नाही. तू त्याच्याविरुद्ध मत दिलंस म्हणतेस. अगं, त्याला तुझं उत्तर तू द्यायच्या आधीपासून पाठ होतं, आणि तेच त्याला हवं होतं.

सिनाने गाडी काढली, हे पाकीट छातीशी धरून बसले, सातच्या आत केंद्र गाठलं. परत आल्यावर मला म्हणाले, घेतलं त्यांनी. शिक्का विचारलासुद्धा नाही. आणि मागच्या दारी जाऊन वाळत घातलेले कपडे काढायला लागले. ते अजून ओले होते. ओलेच घडी घालत होते.

पुढचं तुला माहीत आहे. आम्हाला वाटलं होतं महिना तरी आहे. नर्सलाही तसंच वाटलं होतं. नाहीतर तुझ्यासाठी आधीच धावपळ केली असती, सगळे दरवाजे ठोठावले असते. सोमवारी पहाटे तो गेला आणि बुधवारी तू हॉटेलातून निघालीस ती थेट त्याला निरोप द्यायलाच. तुझ्या सामानावर अजून विमानाची चिठ्ठी होती. तू एकदाही रडली नाहीस. लोक म्हणाले, किती धीराची. मला तेव्हाच वाटलं होतं की हा धीर नव्हे, हिने आत काहीतरी गिळलंय. पण विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. आपण सासूसुना एकमेकींची मर्यादा राखत बसलो, आणि मर्यादेची भिंत झाली. मग तो कायदा पास झाल्याचं बातम्यांत आलं, तेव्हा तू उठून आत गेलीस आणि पुढच्या महिन्यात ख्राइस्टचर्चची नोकरी घेतलीस.

हे पत्र मी एका बैठकीत लिहिलेलं नाही. रविवार वर घातलाय तो मागचा. पाठीला तीन उशा लावून थोडं लिहिते, मग गोळी घेतली की अक्षरं पोहायला लागतात, मग ठेवून देते. तू हुशार आहेस, फीजोआचा वास घेते म्हटल्यावरच तुझ्या लक्षात आलं असेल. तू पोट विचारलंस तेव्हा मी पित्त म्हणाले. पित्त नाही. ते स्वादुपिंडात होतं, आता यकृतात गेलंय. डॉक्टर फार सज्जन मुलगी आहे, तिने आकडा हळूच सांगितला. थोडक्यात काय, यंदा नोव्हेंबरात निवडणूक आहे म्हणतात, ती माझ्या वाट्याला नाही.

इथले डॉक्टर त्या कायद्याचा विषय आपणहून काढत नाहीत, कायद्याने त्यांना तसं करता येत नाही. आपणच काढावा लागतो. मार्चमध्ये मी काढला. दोन डॉक्टर आले, वेगवेगळे आले, मला एकटीला बसवून विचारलं की कोणी भरीला तर घातलं नाही ना. मी म्हटलं, मला भरीला घालणारा अजून जन्मायचाय. परवा मंजुरी आली. ती वापरीन की नाही, मलाही ठाऊक नाही. कदाचित त्याच्या आधीच बोलावणं येईल, कदाचित दुखणं झेपेल. पण दार कुठे आहे ते माहीत असलं की खोलीत बसवतं, एवढंच. तुझे सासरे नाही म्हणतात. रोज म्हणतात. कागद समोर धरला तर मान फिरवतात, म्हणतात मी साक्षीला नाही, मी कशालाच नाही. आणि नाही म्हणत म्हणत भात घोटतात, चमचा तोंडाशी धरतात, रात्री माझे पाय चेपतात. त्यांच्या त्या नाहीवर मी आजवर जगले, शेवटही त्याच्याच जवळ व्हावा असं वाटतं. पण ते एकटे पडलेत, मृदुला. हो म्हणणारी मी एकटी, नाही म्हणणारे ते एकटे, आणि घरात तिसरं माणूस नाही. तू ये. माझं बरोबर आहे असं म्हणायला येऊ नकोस, मी तुझ्याकडे तेवढं मागत नाही. तुझं उत्तर तेव्हाचंच असेल तर तेच घेऊन ये, इथे माझ्या उशाशी बसून मला तोंडावर नाही म्हण, माझ्याशी भांड. या घरात नाही म्हणणाऱ्या माणसाला कोणी परकं धरत नाही, हे मला तुला सांगायचं होतं, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तेवढी लवकर ये.

तुझ्या नाहीसकट तुझीच,
आई